तगरचं कपाट: ग्रीक-लॅटिन आवृत्त्या कुठवर जमल्या

सोलापुरात बसून ग्रीक-लॅटिन ग्रंथ जमवायचे तर अख्ख्या मालिका घेण्याच्या फंदात पडू नये. एक विषय धरावा आणि त्याला लागतील तेवढीच पुस्तकं नीट बघून घ्यावीत. इथे धरलाय तो तगर, म्हणजे बार्शीपलीकडचं तेर, आणि त्या काळातला आपल्याकडचा व्यापार. पेरिप्लस (एका अनामिकाचं ग्रीक सागरी व्यापारवर्णन) आणि प्लिनी, एरियन, टॉलेमी, स्ट्रॅबो हे प्राचीन लेखक, एवढ्या पाचांत काम भागतं. सध्या कपाटातल्या साडेतीन जागा भरल्यात.

पेरिप्लसची जागा पक्की झाली. त्याच्या 51 व्या परिच्छेदात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर येतं आणि तिथलं साधं कापड, मलमल गाड्यांवर लादून भडोचला जाते. कापडाच्या गावात राहणाऱ्याने सुरुवात इथूनच करावी. हा सगळा ग्रंथ हायडेलबर्गच्या दहाव्या शतकातल्या एकाच हस्तलिखितावर उभा आहे. लंडनचं हस्तलिखित त्याचीच नक्कल. लेखनिक जिथे चुकला तिथे पडताळायला दुसरी पोथी नाही, संपादकाच्या तर्कावर भागवावं लागतं. 41 व्या परिच्छेदातल्या राजाचं नाव बघा: कुठे मांबारोस, कुठे नांबानोस, कुठे मानबानोस. हाच आपला क्षत्रप राजा नहपान असं बहुतेक अभ्यासक मानतात, पण मूळ पोथीत काय अक्षरं आहेत हे फक्त तळटीप सांगते. सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेतली 1943 ची ‘तिलोयपण्णत्ती’ ज्याने हाताळली असेल त्याला पानाच्या तळाची बारीक ओळ, म्हणजे पोथ्यांतल्या पाठभेदांची नोंद, कशासाठी असते हे वेगळं सांगायला नको.

मूळ ग्रीक पाठासाठी फ्रिस्कची 1927 ची ग्योटेबोर्ग आवृत्ती प्रमाण. ती जुन्या बाजारात क्वचितच दिसते. म्हणून लायनेल कासनची प्रिन्स्टन, 1989 घ्यावी: फ्रिस्कच्याच पाठावर आधारलेली, ग्रीक आणि इंग्रजी समोरासमोर, टिपा भरपूर. शॉफचं 1912 चं पुस्तक स्वस्तात मिळतं, भारतीय पुनर्मुद्रणंही आहेत, पण त्यात ग्रीक पाठच नाही. मॅक्रिंडलचं 1879 चं भाषांतर त्याहून जुनं. तगर म्हणजे तेर हे फ्लीटने 1901 साली मांडलं, त्यामुळे मॅक्रिंडलच्या टिपा त्या बाबतीत बाद.

पेरिप्लस असलेला कार्ल म्यूलरचा 1855 चा पॅरिसचा खंड स्कॅन करून छापलेला मिळतो. नकाशे मात्र वेगळ्या खंडात निघाले होते. ‘नकाशांसह’ असं लिहिलेलं असेल तर विक्रेत्याकडून फोटो मागवा.

मागणीनुसार छापून देणाऱ्यांपासून जपून. त्यातल्या बऱ्याच प्रतींत ग्रीक मजकूर यंत्राने ओळखून पुन्हा जुळवलेला असतो आणि स्वरांवरची चिन्हं पार गळालेली असतात. काहींत पान छाटताना खालची पाठभेदांची ओळच जाते, म्हणजे ज्यासाठी पुस्तक घ्यायचं तेच गायब. पैसे देण्याआधी चार फोटो मागवावेत: मुखपृष्ठानंतरचं शीर्षकपान, त्याची मागची बाजू, मधलं कुठलंही पान तळापर्यंत, आणि पाठीची शिलाई.

प्लिनीचा सहावा खंड लोएब मालिकेत (मूळ पाठ आणि समोर इंग्रजी भाषांतर) 352 क्रमांकाच्या लाल पुस्तकात आहे, रॅकमचं भाषांतर. पाठभेद हवे असतील तर टॉयब्नर या जर्मन मालिकेतली मायहॉफची 1906 ची आवृत्ती. या खंडाच्या 101 व्या परिच्छेदात भारत दरसाल रोमचे पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून नेतो असं वाक्य आहे. लॅटिनमध्ये तिथे नुसता ‘डी’ म्हणजे 500. त्याच्या डोक्यावर आडवी रेघ आणि दोन्ही बाजूंना उभ्या रेघा असल्या की एक लाखाने गुणायचं. फिक्या छपाईत रेघा उडाल्या की पाच कोटींचे पाचशे होतात. नवीन प्रत हाती आली की आधी हे पान उघडून बघावं, छपाईचा दर्जा तिथल्या तिथे कळतो.

एरियन सोपा, पण एक खोच आहे. लोएबचे 236 आणि 269 हे क्रमांक दोन वेगवेगळ्या पुस्तकांना लागलेत: रॉब्सनचं 1929 ते 1933 चं आणि ब्रंटचं 1976 ते 1983 चं. ब्रंटच घ्या. ‘इंडिका’, म्हणजे त्याचा भारतावरचा ग्रंथ, 269 मध्ये आहे.

टॉलेमीवर गाडी अर्ध्यात अडलीय. म्यूलरची टॉलेमीची पॅरिस आवृत्ती पाचव्या पुस्तकापाशीच थांबते आणि आपला भारत तर सातव्यात. नोब्बेची 1843 ते 1845 ची लाइप्झिग आवृत्ती पूर्ण आहे, स्कॅन सहज मिळतो, म्हणून तूर्त तीच छापून घेतलीय. अक्षांश-रेखांश ग्रीक अक्षरांनी लिहिलेले असतात: रो-इओटा-बीटा म्हणजे 112. गॅमा म्हणजे 3, पण अपूर्णांकाच्या जागी तोच गॅमा एक तृतीयांश, म्हणजे 20 कला. वरची बारीक खूण पुसली गेली की गाव तीन अंश सरकतं. म्हणून ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद ठेवून मूळ आकारातच छापावं. कागद 80 जीएसएम, सोळा पानांचे फर्मे, धाग्याची शिलाई. एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशीपार जातो, नुसत्या डिंकाने चिकटवलेली पाठ तडकते आणि पानं सुटतात. खळीत चिमूटभर मोरचूद घालायची बाइंडरांची जुनी पद्धत कसर लागू नये म्हणून ठीक, पण ती नव्या छापील प्रतीपुरतीच. जुन्या कागदाला तांब्याचा क्षार मानवत नाही.

नुसता भारताचा भाग हवा असेल तर संस्कृतज्ञ लुई रनू यांची 1925 ची पॅरिसची आवृत्ती सगळ्यात उत्तम. तिच्या शोधात आहोत. 2006 ची श्टुकेलबर्गर-ग्रासहॉफ यांची ग्रीक-जर्मन दोन खंडांची आवृत्ती सध्या खिशाबाहेर.

स्ट्रॅबोची जागा अजून रिकामी. पंधराव्या पुस्तकासाठी लोएब 241 पुरेसं वाटतं, पण तांबड्या समुद्रावरच्या मिओस होर्मोस बंदराहून भारताकडे 120 जहाजं निघत असल्याचं वाक्य 2.5.12 ला (पुस्तक, प्रकरण, परिच्छेद) आहे, म्हणजे पहिल्या खंडात, क्रमांक 49. दोन्ही एकदम मागवा. घेताना समासात कासोबों या जुन्या संपादकाच्या आवृत्तीचे पृष्ठांक छापलेत का ते बघा. हे वाक्य 118 ला पडतं. बरेच अभ्यासक त्या आकड्यांनीच संदर्भ देतात, ते नसतील तर प्रत परत करा.