मशीन कमी का केलं?

नातेवाईक आम्हा डॉक्टरांना सगळ्यात जास्त काय विचारतात, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एनआयसीयूच्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या दाराशी ‘बाळ वाचेल ना?’ हा प्रश्न लोक सहसा गिळून टाकतात. विचारतात ते हे: “मॅडम, सकाळी मशीन १८ वर होतं, आता १४ केलंत. आशा सोडली का?” सुरगाण्याहून आलेली आजी असो की अंबड एमआयडीसीतला बाप, सूर तोच. काहींच्या मनात पैशांचाही संशय असतो.

मशीन म्हणजे व्हेंटिलेटर, बाळाला श्वास देणारं यंत्र. १८ काय, १४ काय, हा त्याने आत ढकललेल्या हवेचा दाब. सव्वा किलोच्या बाळाला एका श्वासात साधारण ६ मिली हवा पुरते, म्हणजे औषधाच्या चमच्याहून जराशी जास्त. पण दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळाच्या फुप्फुसात सरफॅक्टंट, म्हणजे हवेच्या पिशव्या उघड्या ठेवणारा आतला पातळ थर, पुरेसं नसतं. ते नसलं की श्वास सोडताना हवेच्या बारीक पिशव्या मिटतात आणि दर श्वासाला त्या नव्याने उघडाव्या लागतात. फुप्फुस कडक, म्हणून दाब जास्त. १९६३ साली अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा अपुऱ्या दिवसांचा मुलगा याच आजाराने दोन दिवसांत गेला. बाहेरून सरफॅक्टंट देण्याचा उपाय जपानच्या फुजिवारांनी १९८० मध्ये यशस्वी करून दाखवला.

आज आम्ही ते श्वासनळीत सोडतो आणि बघता बघता फुप्फुस मऊ पडायला लागतं. स्क्रीनवर दाब आणि हवा यांचा एक लूप, म्हणजे दर श्वासाचा बंद वळसा, उमटतो. आधी आडवा पडलेला तो लूप उभा राहायला लागतो. अशा वेळी दाब १८ च ठेवला, तर ६ च्या जागी ९-१० मिली हवा जाते. मग लूपचं टोक चोचीसारखं लांबतं: दाब चढतोय, हवा मात्र फारशी वाढत नाही. आमच्या सिस्टरना ती चोच माझ्याआधी दिसते! फुप्फुस फाटून हवा छातीत साचण्याची भीती असते, म्हणून दाब उतरवायचा, तोही लगेच. नवी मशीनं मिली ठरवून दिले की दाब स्वतःच सांभाळतात. पण इतक्या लहान बाळाच्या श्वासनळीत घातलेल्या नळीला बहुधा कडेची फट बंद करणारा फुगा (कफ) नसतो, कडेने हवा गळते आणि गळती फार झाली की मशीनचा हिशेब बिघडतो.

कॉम्प्रेसरवर काम करणाऱ्या एका बापाने हे ऐकून विचारलं, “मग हवा बाहेर पडायला वेळ किती देता?” नेमकं बोलला. कडक फुप्फुस पटकन रिकामं होतं, मऊ झालेलं जास्त वेळ घेतं. श्वासांची गती फार ठेवली तर हवा आत अडकू शकते.

तेव्हा नुसता दाब विचारू नका, मशीनमधून बाळाला किती टक्के ऑक्सिजन द्यावा लागतोय तेही विचारा. दाब उतरला आणि द्यावा लागणारा ऑक्सिजन ६० टक्क्यांवरून ३० वर आला, तर खाली जाऊन निवांत चहा घ्या. दाब उतरलाय पण द्यावा लागणारा ऑक्सिजन चढतोय, तर मात्र मला थांबवून विचारा.