तुम्ही विचारलंत म्हणून: कोर्स की हाताखाली?

"वायरिंगचा कोर्स करू, की कुणाच्या हाताखाली लागू?" हे इतक्यांदा विचारून झालंय की आता एकदाच लिहून टाकतो. एका शब्दात उत्तर हवं असेल तर इथेच थांबा, ते माझ्याकडे नाही.

पूर्वी मी बेधडक सांगायचो, कोर्स सोडा, कामाला लागा. अगदीच चुकीचं नव्हतं ते. स्क्रूखाली वायर किती आवळायची हे फळ्यावर शिकवता येत नाही. कमी आवळली की जोड तापतो. जास्त आवळली की वायरीतल्या तारा तुटतात आणि उरलेल्या दोन-चार तारांवर सगळा करंट येतो. इन्सुलेशन स्क्रूखाली अडकलं तर वायर हाताला घट्ट लागते, पण धातूला धातू टेकलेलाच नसतो. ॲल्युमिनियम तर दाबाखाली हळूहळू पसरतं, त्यामुळे आज घट्ट बसवलेला स्क्रू काही महिन्यांनी सैल सापडतो. तापलेल्या बेकलाइटचा (जुन्या स्विच-सॉकेटांच्या कडक प्लास्टिकचा) वास नाकात बसलेला माणूस बोर्ड उघडायच्या आधीच ओळखतो.

माझं ते उत्तर अडतं न्यूट्रलपाशी, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरीपाशी.

तीन फेजचं कनेक्शन, म्हणजे तीन चालू वायरी आणि त्यांचा एक न्यूट्रल. तक्रार काय, तर एका खोलीतले दिवे मंद आणि दुसऱ्या खोलीतले डोळ्यांवर येणारे. नुसता हाताखाली शिकलेला माणूस सॉकेटमध्ये टेस्टर घालतो. फेजला पेटतो, न्यूट्रललाही पेटतो. "रिटर्न येतोय," तो म्हणतो, म्हणजे न्यूट्रलमधून सप्लाय उलटा येतोय. शब्द बरोबर आहे, पण रिटर्न कुठून येतोय हे माहीत नसल्यामुळे तो एकेक बोर्ड खोलत बसतो, आणि तोवर मेन चालूच.

खरा दोष मेनपाशी आहे, तिथे न्यूट्रलचा जोड सुटलाय. फेज ते न्यूट्रल २३० व्होल्ट, दोन फेजमध्ये सुमारे ४००. न्यूट्रल गेला की एका फेजवरचं सामान दुसऱ्या फेजवरच्या सामानाशी सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक, येतं. तिसरा फेज तूर्त बाजूला ठेवू. एकीकडे १००० वॅटचा हीटर, म्हणजे ५३ ओहमचा रोध. दुसरीकडे १०० वॅटचा बल्ब, म्हणजे ५२९. ते ४०० व्होल्ट याच प्रमाणात वाटले जातात: हीटरला ३६, बल्बला ३६४. बल्ब जातो. त्या जागी टीव्ही असता तर तो गेला असता, आणि "व्होल्टेज वाढलं" म्हणून खापर लाइनवर फुटलं असतं. दोन्हीकडचा लोड सारखा असेल तेव्हा काहीच जाणवत नाही, म्हणून ही तक्रार येते-जाते आणि माणूस दिवसभर भलतीकडे शोधत राहतो. न्यूट्रलमध्ये फ्यूज घालायचा नाही, सोडताना न्यूट्रल शेवटी सोडायचा, जोडताना आधी जोडायचा, ही सगळी या एकाच हिशेबाची पोरं. मेन बंद केल्यावरही टेस्टर आधी चालू पॉइंटवर लावून बघायचा, मग कामाच्या जागी, मग पुन्हा चालू पॉइंटवर. मेलेला टेस्टरही "सप्लाय नाही" असंच सांगतो.

म्हणजे कोर्सवाले जिंकले? छे. कोर्सचा मुलगा डिजिटल मीटर लावतो, सुट्या वायरीवर ७०-८० व्होल्ट दिसतात आणि तो लीकेज, म्हणजे करंटची गळती, शोधत सुटतो. शेजारच्या चालू वायरीमुळे चढलेलं ते पोकळ व्होल्टेज असतं. मीटर जवळजवळ करंट घेतच नाही, म्हणून ते दिसतं. जुना माणूस होल्डरमधला बल्ब लावतो. बल्ब पेटत नाही, विषय संपला. गंमत म्हणजे कपॅसिटन्सचा (न जोडताही शेजारच्या वायरीत व्होल्टेज कसं चढतं, त्याचा) धडा मुलाच्या पुस्तकात असतोच, फक्त तो या वायरीबद्दल आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

आणि "रिटर्न" म्हणणाऱ्याला वरचा हिशेब त्याच्या वस्तादाने एखाद्या खोक्यावर खडूने मांडून दाखवला असता तर? पाच मिनिटांचं काम. मग त्याला कोर्स लागला असता का, हे मला आजही ठरवता येत नाही. तुम्ही ज्याच्या हाताखाली लागणार आहात त्याला एवढंच विचारून बघा: न्यूट्रल आधी का जोडायचा? "तसंच असतं" म्हणाला, तर संध्याकाळचा कोर्स लावा.