पैलवानांच्या गावात बारकं पोरगं

आमच्या कोल्हापुरात पोरगं बारीक दिसलं की त्याच्या आईची शाळा घेतल्याशिवाय माणसं गप बसत न्हाईत. गंगावेशीत कट्ट्यावर म्हशीची धार काढून तिथंच फेसाळ ग्लास तोंडाला लावणारं गाव हे, मग दीड वर्षाच्या पोराला बघून शेजारच्या काकू म्हणणारच, "बाळसं उतरलं की गं, खायला घालतीस का न्हाई?"

अहो उतरणारच की! पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या तिप्पट होतं, म्हणजे तीन किलोचं नऊ, पण दुसऱ्या वर्षात वाढतं जेमतेम दोन-अडीच किलो. मग भूक पण कमीच लागणार. उंची वाढते, पोरगं पळायला लागतं, आणि उंचीच्या मानानं वजन, म्हणजे बीएमआय, पाच-सहा वर्षांपर्यंत खालीच येत जातो आणि मग परत चढतो. ही चढण पाचाच्या आधीच सुरू झाली तर पुढं लठ्ठपणाचा धोका जास्त. हे काय कोण सांगत न्हाई, सगळे वजनकाट्यावरच.

आणि आपली बाळं तर जन्मापासनंच वेगळी. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं इंग्लंडच्या बाळांशी ताडून बघितली, आपली सरासरी 2.7 किलोची, तिकडची 3.5, पण हाडामांसानं कमी असून कातडीखालची चरबी मात्र आपल्यांनी बरीच राखलेली. अशा बारक्या बाळाला "भरून काढायचं" म्हणून कोंबत सुटलं की नुसती चरबीच चढायची भीती.

कोंबणं कसं असतंय बघा. मोबाईलवर गाणं लावायचं, पोराचे डोळे स्क्रीनला चिकटले की जबडा आपोआप उघडतो, लगेच घास आत, पोट भरलेलं त्याला कळतच न्हाई. पोटाचं ऐकायची सवय मोडायची आणि मग दहाव्या वर्षी म्हणायचं हात आवरत न्हाई ह्याचा.

साखरेचं पण तेच. दोन वर्षांपर्यंत वरनं साखर नको म्हणतात डॉक्टर, तर आमच्या आत्ती म्हणजे सासूबाई म्हणतात, "साखर कुठं, गूळ घातलाय, आपल्या गुऱ्हाळाचा हाय!" कोल्हापुरात गुळाविरुद्ध बोलायचं म्हणजे जिगर लागते राव, पण गूळ काय, काकवी काय, शेवटी साखरच ती.

तूप मात्र मी तोडलेलं न्हाई, ह्या वयात फॅट लागतंच. मऊ भातावर अर्धा चमचा, आणि पोरानं तोंड फिरवलं की ताटली उचलायची, एवढ्यावर सध्या आत्तींशी तह झालाय. काकूंशी बोलणी चालू हायत.