नवीन ऑफिसात कुणी धड बोलत नाही, सोडू का?

प्रश्न साधारण असा येतो: नोकरीला लागून महिना झाला. काम जमेल असं वाटतं, पण ऑफिसात कुणी धड बोलत नाही. आपण आत गेलो की गप्पा थांबतात, काही विचारलं तर तुटक उत्तर मिळतं, सकाळी निघताना पोटात गोळा येतो. माझंच काही चुकतंय, की जागाच वाईट आहे? आणि वाईट असेल तर सोडू का?

लोक हसून बोलतात का, हे मोजणं आधी थांबवा. कामाला लागणारी माहिती तुमच्यापर्यंत वेळेवर आणि पूर्ण पोचते का, तेवढं मोजा. तुसड्या माणसांच्या टीममध्येही वर्षानुवर्षं उत्तम काम करता येतं. तोंडावर गोड बोलून हातचं राखून सांगणाऱ्यांमध्ये मात्र हुशार माणूसही काही महिन्यांत बिनकामाचा ठरतो, आणि का ठरला ते त्याला स्वतःलाही कळत नाही.

पोटातल्या गोळ्याबद्दल 'एवढं मनाला लावून घेऊ नकोस' असा सल्ला तुम्हाला मिळाला असेलच. तो निरुपयोगी आहे. किपलिंग विल्यम्स या मानसशास्त्रज्ञाने लोकांना कॉम्प्युटरवर एकमेकांकडे चेंडू टाकण्याचा साधा खेळ खेळायला लावला. थोड्या वेळाने बाकीचे खेळाडू त्यांच्याकडे चेंडू टाकणंच बंद करत. अनोळखी माणसं, काही मिनिटांचा खेळ, तरी वगळलेल्यांना ते लागलं. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तर समोर माणसं नाहीत, कॉम्प्युटरच खेळतोय हे सांगूनही लागलं. म्हणजे तुम्हाला लागतंय ते खरंच आहे. पण तेवढ्यावरून कुणी मुद्दाम करतंय असं सिद्ध होत नाही. शिवाय याबाबतीत आपला अंदाजही कच्चा असतो. मानसशास्त्रज्ञ एरिका बूथबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018 मध्ये दाखवलं की नव्या ओळखीच्या गप्पा संपल्यावर समोरच्याला आपण जितके आवडलेले असतो, त्यापेक्षा कमीच आवडलो असं माणसं धरून चालतात. एकत्र राहायला आलेल्या विद्यार्थ्यांमध्ये हा गैरसमज काही महिने टिकला.

तेव्हा मनाची साक्ष काढण्यापेक्षा वही काढा. कामाचे दहा दिवस पुरेत. दर वेळी एवढंच लिहायचं: तारीख, काय हवं होतं, कुणाकडे आणि कसं मागितलं, कधी मिळालं, पूर्ण मिळालं की अर्धवट. उशिरा कळलेल्या गोष्टींची नोंद वेगळी ठेवा: ज्या मीटिंगचं निमंत्रण आलं नाही ती, बदललेली फाईल, परस्पर ठरलेला निर्णय. 'तोंड वाकडं केलं', 'दुर्लक्ष केलं' असलं काही या वहीत नको. त्याचा पुढे उपयोग होत नाही आणि वाचून आपलंच डोकं फिरतं. वही घरची आणि कागदाची असावी. ऑफिसच्या लॅपटॉपवर ठेवलेली नोंद नोकरी सुटली की हातातून जाते. आणि पुरावा म्हणून ऑफिसचे मेल स्वतःच्या खासगी मेलवर पाठवण्याचा मोह आवरा. बऱ्याच कंपन्यांत तो नियमभंग असतो, आणि मग तक्रार राहते बाजूला, चौकशी तुमची सुरू होते.

दहा दिवसांनी वही चाळली की चित्र बरंच स्पष्ट होतं. बहुतेकदा दिसतं ते असं, की सगळ्यांकडूनच उशीर होतोय आणि तो जुन्या लोकांच्याही वाट्याला येतोय. ही जागा तुमच्याशी वाईट वागत नाहीये, ती दमलेली आहे. का दमली ते कळायला एक प्रश्न सहज म्हणून विचारावा: 'माझ्या आधी हे काम कोण बघायचं, आणि ते आता कुठे आहेत?' दोन वर्षांत तीन जण येऊन गेले असतील, तर चौथ्याला शिकवायला लोक निरुत्साही असणारच. त्या जागेवर आतल्याच कुणाची आशा असेल, तर अढी तुमच्या येण्याआधीपासूनची आहे. जागा रिकामी असताना ज्यांनी दुप्पट काम ओढलं, ते तुमच्याकडून लगेच हातभाराची अपेक्षा करत असतील आणि तुम्ही मात्र अजून प्रश्नच विचारताय.

अशा ठिकाणी विचारण्याची पद्धत बदलली की बराच फरक पडतो. 'हे कसं करतात?' या प्रश्नाला अर्धा तास लागतो, म्हणून उत्तर टाळलं जातं. 'फॉर्म भरला, मंजुरीसाठी पाठवला, तिथे अडकलाय. ती मंजुरी अकाउंट्सकडून येते की मॅनेजरकडून?' याला वीस सेकंद लागतात, आणि तुम्ही स्वतः कुठवर आलात तेही दिसतं. घाईचे नसलेले प्रश्न दिवसभर सुटे सुटे न टाकता साठवा आणि समोरच्याने निवडलेल्या वेळी दहा-पंधरा मिनिटांत उरका. सगळ्यांच्या ग्रुपवर विचारलेला प्रश्न अनाथ होतो, दुसरं कुणीतरी सांगेल म्हणून कुणीच सांगत नाही. एकाच माणसाला थेट विचारा. माणूसही नीट निवडा. सगळ्यात जुना किंवा सगळ्यात बोलका नको, तुमच्या आधी सहा महिने ते वर्षभर लागलेला बघा. कुठे अडायला होतं ते त्याच्या अजून लक्षात असतं. उत्तर मिळालं की लिहून ठेवा, तेच पुन्हा विचारू नका, आणि काम झालं की एक ओळ कळवा: 'तुम्ही सांगितलंत तसं केलं, झालं.' ही शेवटची ओळ जवळपास कुणीच पाठवत नाही. पुढच्या वेळी उत्तर लवकर येण्यात तिचा वाटा मोठा असतो.

वहीत एकच नाव पुन्हा पुन्हा येत असेल, तर उपाय वेगळा. त्या माणसाकडची प्रत्येक मागणी लेखी करा, आरोप न करता आणि परिणाम सांगून: 'गुरुवारी रिपोर्ट द्यायचा आहे. बुधवारी दुपारपर्यंत आकडे मिळाले तर वेळेत होईल. नाही तर शुक्रवार उजाडेल.' उत्तर नाही आलं तर मुदत संपायच्या आधी एक आठवण, आणि तरीही काही नाही तर तिसऱ्या मेलमध्ये मॅनेजरला सीसी. पहिल्याच मेलला सीसी केलंत तर भांडण तुम्ही काढलं असा अर्थ घेतला जातो, अगदी खरं कारण असलं तरी. दरम्यान तीच माहिती आणखी कुठून मिळते ते शोधा. अडवणाऱ्याचं वजन तो एकटाच दरवाजा असेपर्यंतच असतं.

सगळ्यात अवघड प्रकार म्हणजे माहिती मॅनेजरकडेच अडते तो. त्यांना एकदा समोरासमोर विचारा: 'तीन महिन्यांनी माझं काम ठीक चाललंय, असं तुम्ही कशावरून म्हणाल?' जे सांगतील त्यातले तीन मुद्दे त्याच दिवशी मेलने पाठवा, शेवटी 'माझ्या समजण्यात काही चुकलं असेल तर कळवा' असं लिहून. उत्तर आलं नाही तरी तो मेल कामाचा आहे. दोन-तीन आठवड्यांनी त्या मुद्द्यांपैकी एखादा 'मी असं म्हटलंच नव्हतं' म्हणून झटकला गेला आणि हे पुन्हा घडलं, तर दोष तुमच्या मेहनतीत नाही. आणखी एक खूण मीटिंगमध्ये दिसते: वाईट बातमी आणणाऱ्याचं काय होतं, ते बघा. टीमच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या एमी एडमंडसन यांना हॉस्पिटलांमध्ये आढळलं की चांगल्या टीममध्ये चुकांची नोंद जास्त होते, कारण तिथे चूक बोलून दाखवता येते. जिथे कधीच काही चुकत नाही, तिथे लपवलं जातंय असं समजायला हरकत नाही.

या काळात माणसं स्वतःच स्वतःचं नुकसान करतात, ते जास्त करून एकटेपणाच्या घाईने. जो पहिला गोड बोलतो त्याच्याजवळ इतरांची उणीदुणी काढली जातात, आणि आपण कुठल्या कंपूत बसलो हे कळायच्या आत त्या कंपूचे शत्रू आपले होतात. 'आमच्या आधीच्या कंपनीत असं करायचे' हे वाक्य पहिले सहा महिने तोंडातून काढू नये. मर्जी मिळावी म्हणून सगळ्यांची कामं अंगावर घेणारेही असतात. त्यांना मर्जी मिळत नाही, कामं तेवढी कायमची चिकटतात.

हे सगळं अबोला आणि अडवणुकीपुरतं झालं. शिवीगाळ, धमकी, सगळ्यांदेखत पाणउतारा, अंगाला हात लावणं किंवा लैंगिक स्वरूपाचं बोलणं, यांना दहा दिवसांच्या वहीची गरज नाही. स्वीडनमध्ये काम करणारे हाइन्झ लेमन यांनी कामावरच्या छळाची अभ्यासासाठी जी व्याख्या केली, तिच्यात आठवड्यातून निदान एकदा आणि निदान सहा महिने अशी अट होती. ती संशोधनाची अट आहे, तुमच्या सोसण्याची नव्हे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 2019 च्या 190 क्रमांकाच्या करारात एकदाच घडलेलं वर्तनही हिंसा आणि छळात धरलं आहे, आणि संरक्षण प्रशिक्षणार्थी, नोकरीसाठी अर्ज करणारे, कामावरून काढलेले अशा सगळ्यांना आहे. करार 25 जून 2021 पासून लागू आहे. तो बंधनकारक असतो मान्यता देणाऱ्या देशांवरच, त्यामुळे आपल्याकडचा कायदा पाहावाच लागतो. तक्रार लेखी द्या: तारीख, वेळ, जागा, नेमके शब्द, हजर कोण होतं, आणि तुम्हाला काय करून हवंय. ही शेवटची गोष्ट बहुतेक तक्रारींत नसते, आणि मग 'समज दिली' एवढ्यावर प्रकरण मिटवलं जातं.

सोडायचं का, याला माझं उत्तर असं: विचारण्याची पद्धत बदलून, लेखी मागून, मॅनेजरशी बोलूनही पुढच्या महिन्याभरात वहीतली अर्धवट उत्तरं आणि उशीर तसेच राहिले, तर शोध सुरू करा. झोप उडाली असेल, छातीत धडधडत असेल, सुटीच्या दिवशीही तेच डोक्यात असेल, तर महिना मोजत बसू नका, आधी डॉक्टरांकडे जा. वाईट दिवशी राजीनामा लिहू नका. अपॉइंटमेंट लेटर काढून प्रोबेशनमधली आणि नंतरची नोटीस वेगवेगळी आहे का ते बघा. प्रोबेशनमध्ये ती बरेचदा कमी असते, म्हणून सोडायचंच असेल तर कायम होण्याआधी सोडणं सोपं जातं. रुजू होताना मिळालेली रक्कम किंवा ट्रेनिंगचा खर्च परत करण्याचं कलम असेल तर तेही बरेचदा त्याच कागदात असतं.

पुढच्या मुलाखतीत 'इतक्या लवकर का सोडताय?' असं विचारतीलच. माणसांबद्दल न बोलता कामाबद्दल बोला: 'ठरलेलं काम आणि प्रत्यक्षातलं काम यात फरक निघाला, मला अमुक काम करायचं आहे.' दोन वाक्यांत संपवा आणि थांबा. स्पष्टीकरण लांबलं की शंका वाढते. मग आपण विचारा: ही जागा का रिकामी झाली, आणि ज्यांच्यासोबत बसायचं आहे त्यांच्यापैकी एकाशी, मॅनेजर नसताना, पंधरा मिनिटं बोलता येईल का. पहिल्या प्रश्नाला गुळमुळीत उत्तर आणि दुसऱ्याला नकार मिळाला, तर पगार कितीही चांगला असो, विचार करायला दोन दिवस मागून घ्या.