काका दोनच पट्ट्या न्यायचे

कोपरीत माझं मेडिकल आहे. 'ती' गोळी, म्हणजे ताठरतेसाठीची सिल्डेनाफिल, मागायला आलेला माणूस लगेच कळतो, आधी बाम नाहीतर क्रोसिन मागतो आणि मग गर्दी पांगेपर्यंत टूथब्रश बघत उभा राहतो. गेल्या महिन्यात रात्री शटर अर्धं ओढलेलं, तेव्हा एक काका असेच आले. पन्नाशीचे, महापे एमआयडीसीत शिफ्टला जातात, शुगरच्या गोळ्या माझ्याकडूनच नेतात. हळूच म्हणाले, "पन्नास एमजीची लागू पडत नाही भाऊ, शंभरची द्या."

पन्नासची कुठून आणली विचारलं तर दुसऱ्या एका दुकानातून, चिठ्ठीशिवाय. याचाच संताप येतो. सिल्डेनाफिल शेड्यूल एचमधलं, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायचं औषध आहे, देणाऱ्याने निदान एवढं तरी विचारावं की छातीसाठी जिभेखालची गोळी घेता का, दोन्ही एकत्र गेल्या तर बीपी इतकं पडतं की जिवावर बेततं. काका ती घेत नव्हते. शुगर विचारली तर म्हणे कंट्रोलमध्ये आहे. हे कंट्रोल म्हणजे तपासणीआधी दोन दिवस भात-गोड बंद करून आलेलं उपाशीपोटीचं. तीन महिन्यांच्या शुगरचा रिपोर्ट मोबाईलमध्ये होता, एचबीए१सी १०.४.

गोळ्या चालू असताना एवढी कशी, म्हणून कॉम्प्युटरवर जुनी बिलं काढली. मेटफॉर्मिन-ग्लिमेपिराइड, सकाळ-संध्याकाळ एकेक, पंधराची पट्टी, म्हणजे महिन्याला चार पट्ट्या. सात महिने काका दोनच नेत होते! बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "कंपनीत सगळे सांगतात शुगरच्या गोळ्यांनीच ताकद जाते, म्हणून रात्रीची सोडली."

म्हणजे ज्या भीतीने गोळी सोडली तेच दुखणं वाढत गेलं. मी बिलाच्या पाठीमागे पेनाने रक्तवाहिनी काढून दाखवली. सिल्डेनाफिल स्वतःहून काही करत नाही काका, आधी नसांमधून आणि वाहिनीच्या आतल्या अस्तरातून वाहिनी सैल करणारं नायट्रिक ऑक्साइड सुटावं लागतं, त्याचा परिणाम ती टिकवून धरते एवढंच. शुगर वर्षानुवर्षं चढलेली राहिली की नेमक्या त्याच नसा आणि तेच अस्तर खराब होतं, मग शंभरची घ्या नाहीतर आणखी काही, ती टिकवणार काय? आणि ताठरता न येणं ही कधी कधी हृदयाच्या दुखण्याची आधीची खूण असते, तेव्हा डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

"तिथे बायको सोबत असते हो," एवढंच बोलले. आमच्याकडचे डॉक्टर डोळे बघतात, पाय बघतात, पण हा प्रश्न स्वतःहून विचारणारा क्वचितच. गोळी मी दिली नाही.

परवा काकू आल्या आणि चार पट्ट्या घेऊन गेल्या. पण ती सात महिन्यांची बिलं मीच केली होती, हे डोक्यातून जात नाही. काल रात्री दुकान बंद करून बाकीच्यांची बिलं उघडून बसलो. आणखी तीन जणांचा हिशेब जुळत नाहीये. त्यातल्या एकाला आज फोन करायचाय, सुरुवात कशी करायची तेच ठरत नाहीये.