गिअर खडखडतोय? आधी फ्युएल मॅप बघा

माझी बाईक बीएस६ प्रदूषण-नियमांची, म्हणजे एप्रिल २०२० नंतरची, आणि ताम्हिणीत दुसऱ्या गिअरवर वळणातून बाहेर पडताना थ्रॉटल जरासा उघडला की असा झटका बसायचा की मागे बसलेली बायको दरवेळी खांदा घट्ट धरायची. मी सहा महिने क्लचलाच दोष देत बसलो.

खरं कारण असं की थ्रॉटल पूर्ण बंद केला की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पेट्रोल जवळपास तोडतो, आणि परत उघडला की एकदम सोडतो, त्यात एमिशनसाठी हवा-पेट्रोलचं मिक्श्चर १४.७ ला १ च्या आसपास ठेवलेलं, म्हणजे कमी आरपीएमला इंजिन तसं उपाशीच. आता गिअर टाकताना आपण काय करतो, थ्रॉटल बंद, गिअर, थ्रॉटल चालू! म्हणजे तो झटका प्रत्येक शिफ्टला चेनमधून थेट गिअरबॉक्सपर्यंत जातो, मग गिअर अडल्यासारखा वाटतो, पण गिअरबॉक्स ठणठणीत असतो हो.

मॅप म्हणजे आरपीएम आणि थ्रॉटल किती उघडलाय याचा तक्ता, प्रत्येक खान्यात किती पेट्रोल ते लिहिलेलं. ट्यूनरने फक्त कमी थ्रॉटलचे खाने १३.५ ला १ च्या आसपास आणले, म्हणजे पेट्रोल थोडं वाढवलं, धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरची करेक्शनही तिथे सांभाळली, नाहीतर ईसीयू परत मिक्श्चर पातळ करतो. आता पहिला-दुसरा लोण्यासारखा पडतो, खरंच!

पण त्याआधी चेन आणि थ्रॉटल केबलचा ढिलेपणा तपासाच, माझी निम्मी खडखड तिथेच गेली. वॉरंटी आणि पीयूसीचाही विचार करा.