आबा सरांचं पोस्टकार्ड

सुवर्णमहोत्सवी अंकासाठी लिहा, असा शाळेतून फोन आला आणि डोळ्यांपुढे आले ते आमचे विज्ञानाचे आबा सरच. मैदान, गॅदरिंग यांवर बाकीचे लिहितीलच. 1986 च्या दहावीतल्या कुणालाही विचारा, आमची निम्मी शाळा म्हणजे आबा सर.

सरांची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. शनिवारी शेवटच्या तासाला कुणीही काहीही विचारावं. येत असेल तर तिथंच सांगायचे. नसेल तर "मला नाही माहीत, ज्याला माहीत आहे त्याला विचारू," म्हणत खिशातून 15 पैशांचं पोस्टकार्ड काढायचे. रुळांच्या जोडात फट का ठेवतात, हे भुसावळला रेल्वेत नोकरी करणाऱ्या एका पालकांनी येऊन सांगितलं. माठाच्या गारव्यासाठी सर आम्हाला कुंभारवाड्यात घेऊन गेले. मातीत कालवलेला भुसा भट्टीत जळतो, बारीक भोकं राहतात, त्यातून पाणी पाझरतं. ते सुकताना आतली उष्णता घेऊन जातं. म्हणूनच पावसाळ्यात माठ तितका गार होत नाही: हवाच ओली, मग पाणी सुकणार कसं?

माझा प्रश्न केळीचा. घरी बसराई जातीच्या केळीचा मळा, लावायचे ते कंद. मग केळीचं बी कुठं असतं? सरांनी केळं उभं चिरून मधले काळे ठिपके दाखवले. हे न धरलेलं बी, इथवर त्यांना ठाऊक होतं. का धरत नाही, हे विचारायला पोस्टकार्ड गेलं राहुरीच्या कृषी विद्यापीठाला. उत्तर आलं, पण सगळं 'त्रिगुणित' आणि 'अर्धसूत्री विभाजन'. सरांनी दोनदा वाचलं आणि भर वर्गात म्हणाले, "मलाच नीट कळलं नाही रे." दुसरं पोस्टकार्ड: मुलांना समजेल असं कृपया पुन्हा लिहावे. त्या भल्या माणसाने खरंच पुन्हा लिहिलं, तेही चांगलं पानभर! रानकेळीत रंगसूत्रं, म्हणजे पेशीतले आनुवंशिक गुणांचे धागे, 22, म्हणजे 11 जोड्या. आपल्या केळीत 33, एकेक तीनदा. बी धरायचं तर आधी जोड्या लागून सारखी वाटणी व्हावी लागते, ती इथं होत नाही.

सरांनी तीन मुलींना पुढे बोलावून फुगडी घालायला सांगितली. दोघी फिरू लागल्या, तिसरी फुरंगटून उभी. "हे तुमचं केळं!" ती तिसरी आज नाशिकला डॉक्टर आहे आणि ग्रुपवर अजून त्यावरून भांडते.

आज माझी रावेरकडे टिश्यूकल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत ऊतीपासून वाढवलेल्या रोपांची नर्सरी आहे. ग्रँड नैन जातीच्या केळीची रोपं बऱ्हाणपूरपर्यंत जातात. 2016 मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा सरांना पेढे द्यायला गेलो, तर म्हणाले, "बी नाही म्हणजे सगळी झाडं एकाच साच्यातली. रोग आला तर?" सीएमव्ही या विषाणूरोगाने मळे उपटायची वेळ आली की तेच वाक्य मी शेतकऱ्यांना ऐकवतो आणि तो पसरवणारी मावा कीड आवरा म्हणतो.

सर आता नाहीत. त्यांच्या प्रयोगशाळेत कार्यालय आलंय म्हणे, ते काही मला रुचलं नाही. मुलं प्रश्न मोबाईलला विचारतात, आणि मोबाईल "मला नाही माहीत" असं क्वचितच म्हणतो. सध्याच्या विज्ञान शिक्षकांना एवढंच सांगणं: नववीची मुलं नर्सरीवर घेऊन या. बुधवारी गाड्या भरतात, तो वार सोडून कधीही. नाश्ता माझ्याकडे.